आयटीआय, डिप्लोमा की डिग्री : पगाराचा हिशेब शेजारीशेजारी मांडला तर

सातारा-सांगली बाजूच्या एका मुलाला दहावीला ७२ टक्के पडलेत असं धरू. घरी थोडी शेती, वडिलांची बेताची नोकरी. गणित बरं आहे, इंग्रजीची धास्ती आहे, बंद पडलेला पंप उघडून बघायची हौस आहे. काका म्हणतात, आयटीआय कर, हात कधी रिकामा राहणार नाही. मामांचं मत डिप्लोमाला. आणि आईला वाटतं, काहीही होवो, पोरगं इंजिनिअर व्हायला पाहिजे. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, कारण तिघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळी माणसं आहेत. काकांपुढे महावितरणमध्ये कायम झालेला शेजारी, मामांपुढे चाकणला सुपरवायझर असलेला मेहुणा, आईपुढे बंगळूरला गेलेली जाऊबाईंची मुलगी. जे नोकरीविना घरी बसलेत, त्यांची नावं अशा चर्चेत निघत नाहीत.

मी एमआयडीसीत भरतीच्या कामात असतो. या तिन्ही वाटांवरून आलेली पोरं मुलाखतीला एकाच बाकावर बसलेली रोज दिसतात. त्यामुळे खाली जे मांडलंय ते टेबलाच्या अलीकडच्या बाजूने बघून. आधी तिन्ही वाटा शेजारीशेजारी ठेवू.

| | आयटीआय (इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट) | पॉलिटेक्निक डिप्लोमा | बारावी + बी.ई./बी.टेक. |
|---|---|---|---|
| दहावीनंतर किती वर्षं | २, अप्रेंटिसशिप धरून ३ | ३ | २ + ४ |
| फी | सरकारीत नगण्य | सरकारीत थोडी, खासगीत बरीच | खासगीत वर्षाला लाखाच्या आगेमागे |
| पहिली जागा | अप्रेंटिस, कंत्राटी ऑपरेटर, सहायक | ट्रेनी, क्वालिटी, मेंटेनन्स, ज्युनिअर सुपरवायझर | ट्रेनी इंजिनिअर, आयटीतला फ्रेशर. पुष्कळदा डिप्लोमाचीच जागा |
| अप्रेंटिसचं किमान मासिक विद्यावेतन (२०१९ चे नियम) | ७,००० रु. | ८,००० रु. | ९,००० रु. |
| पुढचा जिना | डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला | डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला | एम.टेक., एमबीए, स्पर्धा परीक्षा |

विद्यावेतनाची ओळ पुन्हा वाचा. दहावीनंतर दोन वर्षं शिकलेला आणि सहा वर्षं शिकलेला यांच्यात सरकारी नियमाने महिन्याला दोन हजारांचा फरक. हे किमान आकडे आहेत, चांगल्या कंपन्या त्याहून जास्त देतात. पण नुसत्या कागदाची किंमत पहिल्या दिवशी किती, याचा अंदाज यायला एवढी ओळ पुरते. पुढे जो मोठा फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टींनी पडतो.

सरकारी पगार : जिथे कागदच बोलतो

कागदावर पगार ठरतो अशी जागा म्हणजे सरकार. रेल्वे घ्या. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल १ चं, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचं, मूळ वेतन १८,०००. आयटीआयवाला टेक्निशियन ग्रेड ३ लेव्हल २ वर लागतो, मूळ वेतन १९,९००. डिप्लोमावाला ज्युनिअर इंजिनिअर थेट लेव्हल ६ वर, ३५,४००. परीक्षा देऊन वर्ग एकच्या सेवेत गेलेला इंजिनिअर लेव्हल १० वर, ५६,१००. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. म्हणजे आयटीआयच्या दोन वर्षांऐवजी डिप्लोमाची तीन वर्षं केली की मूळ वेतन जवळजवळ पावणेदोनपट होतं. तिन्ही वाटांत एका वर्षाला एवढा मोबदला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

पण यात मेख आहे. ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला डिग्रीवालेही बसू शकतात आणि बसतातही. असिस्टंट लोको पायलटच्या जागेला आयटीआय पुरतं, तिथेही इंजिनिअरांचे अर्ज पडतात. पात्रतेची अट खालची आणि रांगेत माणसं वरची, असं झालं की डिप्लोमावाल्याला अट पूर्ण करूनही डिग्रीवाल्याशी झुंजावं लागतं.

याच रेल्वेत दुसरी एक गंमत बघण्यासारखी आहे. ज्युनिअर क्लार्क आणि असिस्टंट लोको पायलट, दोघेही लेव्हल २ वर. मूळ वेतन दोघांचं १९,९००. तरी महिनाअखेर लोको पायलटच्या हातात जास्त पैसे येतात, कारण गाडी चालवल्याचा रनिंग अलाउन्स वेगळा. रात्री-अपरात्री ड्यूटी, घरापासून लांबच्या रनिंग रूममध्ये झोपणं, सिग्नल चुकला तर नोकरीवर गदा. हे पैसे शिक्षणाचे नाहीत, त्रासाचे आणि जोखमीचे आहेत. कारखान्यात तेच तिसऱ्या शिफ्टच्या भत्त्याला लागू. मुलगा ‘पगार किती’ विचारतो, तेव्हा ‘कशाकशाचा’ हेही विचारायला शिकवा.

महावितरणचं उदाहरण काकांच्या आवडीचं, म्हणून तेही घेऊ. विद्युत सहायकाच्या पदाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड लागतो. २०२३ च्या जाहिरातीत ५,३४७ जागा होत्या. मानधन पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,०००. ती तीन वर्षं नीट काढली की तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. अशी भरती दरवर्षी निघत नाही, आणि निघाली की राज्यभरातून अर्ज येतात. ज्याने आयटीआयनंतर दोन वर्षं नुसती जाहिरातीची वाट बघितली, त्याचा ट्रेडवरचा हात तेवढ्यात जातो.

कागद तोच, पगार दुसरा

शिक्षण वाढलं की पगार वाढतो असं ज्यांना सरळ वाटतं, त्यांनी शिक्षण सेवकाकडे बघावं. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेत लागलेला शिक्षण सेवक पहिली तीन वर्षं मानधनावर असतो. २०२३ पासून हे मानधन १६,००० आहे, त्याआधी कितीतरी वर्षं ते ६,००० होतं. तीन वर्षं झाली की तोच माणूस, त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढे २९,२०० च्या मूळ वेतनावर येतो, वर भत्ते. एका रात्रीत त्याला काही जास्त शिकवता येऊ लागलं नाही. नियमातली तारीख उलटली, एवढंच.

आणि डी.एड.चं, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेचं, काय झालं तेही विसरू नये. २००० नंतरच्या काही वर्षांत डी.एड. म्हणजे हमखास नोकरी, असा समज घरोघरी होता. तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघाली. मग भरती थांबली आणि हातात डी.एड. घेऊन बसलेल्यांची फौज तयार झाली. कॉलेजं एकामागून एक बंद पडली. अभ्यासक्रम पूर्वीइतकाच अवघड होता. रांगेतली माणसं मात्र जागांच्या कितीतरी पट झाली होती. सीनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर, शिकवणाऱ्या, नेट-सेट झालेल्या, कधी पीएच.डी.सुद्धा असलेल्या प्राध्यापकांचं दुखणं हेच. महाराष्ट्रात याहून जास्त शिकून याहून कमी मिळवणारा वर्ग दाखवा म्हटलं तर मला तरी आठवत नाही.

कारखान्यात हीच गोष्ट वेगळ्या कपड्यांत दिसते. एकाच असेंब्ली लाइनवर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी उभे असतात. दोघांचाही ट्रेड फिटर, हातात टॉर्क रेंच एकच, बोल्ट तेच. पगारात दुपटीहून जास्त तफावत सर्रास दिसते. कायम कामगाराच्या मागे युनियन आणि दर तीन-चार वर्षांनी होणारा वेतनकरार असतो. कंत्राटी कामगाराच्या मागे ठेकेदार, आणि कायद्याने ठरलेलं किमान वेतन. त्या किमान वेतनात कुशल आणि अकुशल यांच्यातलं अंतर फार नाही, आणि ठेकेदार त्या आकड्याच्या वर क्वचितच सरकतो. म्हणून आयटीआय केलेला आणि नुसता बारावी झालेला, दोघेही एकाच ठेकेदाराकडे जवळपास सारख्याच पगारावर लागलेले दिसतात. ‘मग दोन वर्षं आयटीआय करून काय मिळवलं,’ असं मुलं विचारतात. खरं सांगायचं तर पहिल्या सहा महिन्यांत काही नाही. फरक त्यानंतर पडतो, आणि तोही आपोआप नाही.

एका मशीनभोवती चार पगार

चाकण, भोसरी, शिरोळी, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीतल्या मधल्या आकाराच्या मशीन शॉपमध्ये चला. व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं मशीन आहे. त्यावर ऑपरेटर कच्चा जॉब (घडवायचा तुकडा) फिक्श्चर नावाच्या पकडीत बसवतो, क्लॅम्प करतो, सायकल स्टार्ट दाबतो, जॉब निघाला की मायक्रोमीटर लावून शीटवर माप लिहितो. हे काम हुशार पोराला महिनाभरात येतं. म्हणून त्याची जागा भरायला आम्हाला दोन दिवस लागतात, आणि पगारही तसाच असतो.

त्याच मशीनवर सेटर येतो. नवा जॉब लागला की फिक्श्चर बसवून डायल मारणं, वर्क ऑफसेट (जॉब नेमका कुठे आहे तो आकडा) घेणं, टूलची लांबी भरणं, पहिला पीस काढून ड्रॉइंगशी ताडणं, टूल झिजलं की किती मायक्रॉन द्यायचे ते ठरवणं, हे त्याचं. ऑफसेटमध्ये एक उणे चिन्ह चुकलं तर टूल थेट फिक्श्चरवर आदळतं आणि स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) कामातून जातो. ते दुरुस्त व्हायला लाखात खर्च आणि तोवर मशीन बंद. मालक सेटरला ऑपरेटरच्या दीडपट-दुप्पट देतो तो याच भीतीपोटी. आणि चांगला सेटर जाहिरात देऊन मिळत नाही, दुसऱ्या शॉपमधून ओढून आणावा लागतो. गंमत अशी की बहुतेक सेटर आयटीआय मशिनिस्ट किंवा टर्नर असतात, पुष्कळदा नुसते दहावीसुद्धा. त्यांचा पगार शेजारच्या टेबलवर बसलेल्या नव्या इंजिनिअरपेक्षा जास्त असतो, आणि ते इंजिनिअरला कळलं की पहिल्या महिन्यात त्याचा चेहरा बघवत नाही.

तिसरा मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम उघडून कुठला सेन्सर सिग्नल देत नाही ते पाच मिनिटांत सांगणारा आणि एकेक वायर चाचपत तास घालवणारा, दोघांचं सर्टिफिकेट एकच. बंद लाइनचा प्रत्येक तास मालकाला दिसतो, त्यामुळे पहिल्याला पगारवाढ मागावी लागत नाही. चौथा, प्रोग्रॅम लिहिणारा. इथे मात्र डिप्लोमा किंवा डिग्रीवाला पुढे जातो, कारण कॅड-कॅम, गणित, ग्राहकाशी इंग्रजीत पत्रव्यवहार हे सगळं एकत्र लागतं.

मशीन एकच, पगार चार. चूक केवढ्याला पडते आणि बदली माणूस किती दिवसांत मिळतो, या दोन गोष्टींवर त्यांची उतरंड लागते. मार्कलिस्ट मुलाखतीच्या दारापर्यंत नेते. एकदा माणूस कामाला लागला की ती फाइल कुणी पुन्हा उघडत नाही.

मग डिग्रीला जास्त का देतात?

कारण दारावर गर्दी आहे. एका ट्रेनीच्या जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. सगळ्यांना बोलावून मशीनवर उभं करून बघायला कुणाला वेळ नाही. मग चाळणी लागते : दहावी, बारावी, डिग्री सलग साठ टक्के, केटी (मागे राहिलेला विषय) नको, मध्ये गॅप नको. यातून चांगला माणूस सापडतोच असं नाही, पण नकार द्यायला सोपं कारण सापडतं. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच सूत्ररूपात मांडलं : शिक्षणाने माणसाची कुवत वाढो न वाढो, अवघड अभ्यासक्रम पार केला ही गोष्ट मालकाला त्या माणसाबद्दल काहीतरी सांगते, आणि मालक त्या खुणेचे पैसे मोजतो. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडच्या पालकांना हे नोबेलशिवायच ठाऊक होतं, म्हणून तर कॉलेजच्या नावासाठी एवढी धडपड चालते.

पण अशा खुणेची एक अडचण असते. ती सगळ्यांकडे आली की तिची किंमत उतरते. पुण्या-मुंबईत इंजिनिअरिंगच्या जागा वाढल्या तसं हेच झालं. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. त्या काळात फी, खोलीभाडं, मेसचा डबा, सगळं कुठल्या कुठे गेलं. आता कॉलेज कुठलं, शाखा कुठली, हेच मुख्य झालंय. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय महाविद्यालय, नांदेडचं गुरु गोविंदसिंगजी, यांच्या दारात कंपन्या स्वतः येतात. हायवेच्या कडेच्या चारमजली इमारतीत भरणाऱ्या कॉलेजच्या मुलाला कंपन्यांच्या दारात जावं लागतं. डिग्री दोघांचीही बी.टेक.

हिशेब

आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या गावाचे, कॉलेजचे घालून बघा. राहणं-खाणं दोघांनाही लागतं, म्हणून ते सोडून देऊ.

आयटीआयवाला अठराव्या वर्षी बाहेर पडला. एक वर्ष अप्रेंटिस, महिना ९,००० धरले तर १ लाख ८ हजार. पुढची तीन वर्षं सरासरी १६,००० धरले तर ५ लाख ७६ हजार. बाविसाव्या वर्षापर्यंत त्याने जवळपास ६ लाख ८४ हजार मिळवले. इंजिनिअर होणाऱ्याने तेवढ्या काळात खासगी कॉलेजला चार वर्षांची चार लाख फी भरली, मिळवलं काही नाही. अंतर पावणेअकरा लाखांचं. आता बाविसाव्या वर्षी इंजिनिअर २५,००० वर लागला आणि आयटीआयवाला तोवर १८,००० वर आलाय. महिन्याला ७,००० चा फरक, वर्षाला ८४,०००. अंतर भरून निघायला तेरा वर्षं, म्हणजे वयाची पस्तिशी. शैक्षणिक कर्ज असेल तर व्याज वरून.

अर्थात पगार असे जागच्या जागी थांबत नाहीत. इंजिनिअरला चांगली कंपनी मिळाली, तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याने नोकरी बदलली आणि पन्नास हजारांच्या वर गेला, तर तिशीच्या आतच हिशेब पुरा होऊन पुढे तो कायमचा वर राहतो. आयटीआयवाल्याची चढण सुरुवातीला बरी असते, मग तिशी-पस्तिशीत सपाट होते, विशेषतः कंत्राटी राहिला तर. डिग्रीचा खरा फायदा हा असा उशिराचा आहे, आणि तो सगळ्यांना मिळत नाही. पंचविशीत २५-२८ हजारांवर अडकलेले इंजिनिअर माझ्याकडे येतात. त्यांना हा हिशेब दाखवायची मला हिंमत होत नाही.

डिप्लोमावाला मध्ये कुठेतरी बसतो, पण बरोबर मध्ये नाही. तो एकोणिसाव्या वर्षी कमावता होतो, म्हणजे अप्रेंटिसशिप केलेल्या आयटीआयवाल्याच्या बरोबरीने. सरकारी पॉलिटेक्निक असेल तर खर्चही फार नाही. आणि त्याच्यापुढे दोन्ही दारं उघडी राहतात : नोकरी, किंवा डिग्रीचं थेट दुसरं वर्ष. थेट दुसऱ्या वर्षाला गेला तर दहावीनंतर सहा वर्षांतच इंजिनिअर, बारावीवाल्याइतकाच वेळ. वर हातात डिप्लोमा जास्तीचा. बारावीला पीसीएमचा क्लास लावून सीईटीत कमी पर्सेंटाइल आलेल्याच्या हातात तोवर बारावीची मार्कलिस्टच असते.

पॅकेज म्हणजे पगार नव्हे

कॉलेजच्या फ्लेक्सवर ‘३.६ लाख पॅकेज’ लिहिलेलं असतं आणि घरी सगळे बाराने भागून ३०,००० म्हणतात. जरा सोडवून बघू. महिना ३०,००० पैकी मूळ वेतन निम्मं, १५,०००. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, १,८००, तो पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, साधारण ७२०. कायम नोकरीत सहसा पाच वर्षं टिकलात तर मिळणार. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वर्षाला ३० हजार धरला तर महिन्याचे २,५०० आत्ता नाहीत. उरले २४,९८०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८००, व्यवसाय कर २००. खात्यावर जमा २२,९८०. विमा, बस, कॅन्टीनची कपात असेल तर आणखी कमी.

याउलट कारखान्यातल्या ऑपरेटरचा आकडा ऐकायला छोटा असतो, पण ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने असतो. कामाच्या हंगामात त्याची पगारस्लिप ट्रेनी इंजिनिअरच्या पुढे जाते. ट्रेनी ‘स्टाफ’मध्ये मोडतो, त्याला रात्री आठपर्यंत थांबवलं तरी चहाच मिळतो. ओव्हरटाइम मात्र ऑर्डर असेपर्यंतच. मंदी आली की आधी तो जातो, मग कंत्राटी कामगार.

कुणी काय करावं

वरच्या मुलापुरतं माझं मत मामांच्या बाजूने आहे. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, सरकारी किंवा अनुदानित पॉलिटेक्निकला लागत असेल तर डोळे झाकून. कॉम्प्युटरच्या डिप्लोमाबद्दल मी साशंक आहे. तिथे कंपन्या सरळ डिग्रीवाला मागतात, म्हणून तो करायचा तर पुढे डिग्री करायचीच हे ठरवून करावा. खासगी पॉलिटेक्निक निवडताना ‘प्लेसमेंट १०० टक्के’च्या पाटीवर जाऊ नका, गेल्या वर्षीच्या मुलांपैकी आज तिथे टिकलेत किती आणि ऑफर लेटरवर कंपनीचं नाव होतं की ठेकेदाराचं, एवढं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला प्लेसमेंट ऑफिसर बहुधा चहा मागवतात.

घरात पैसा आत्ताच यायला हवा असेल, किंवा मुलाला पुस्तकाचा खरोखर कंटाळा असेल, तर आयटीआय. पण ट्रेड बघून : इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट, टर्नर असे दोन वर्षांचे. दोन वर्षांच्या आयटीआयवरच पुढे डिप्लोमाचं थेट दुसरं वर्ष मिळतं, हा जिना तोडू नका. प्रवेश घेण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन लेथ चालू आहे की त्यावर धूळ आहे ते बघा, निदेशकाची जागा भरलेली आहे का विचारा. आणि अप्रेंटिसशिप मोठ्या कंपनीत करा, विद्यावेतन हजाराने कमी असलं तरी. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्रावर कंपनीचं जे नाव येतं, ते पुढच्या मुलाखतीत गुणांपेक्षा जास्त वाचलं जातं. इलेक्ट्रिशियनने तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना काढून ठेवावा. स्वतःचा धंदा करायचा झाला तर कायदा परवाना मागतो, आणि ज्या कामाला परवाना लागतो त्या कामात भाव पाडणारे कमी असतात.

परदेशाची चर्चा हल्ली गावातही ऐकू येते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स, ड्रायव्हर असे हाताने काम करणारे आहेत. तिथे अडतं ते भाषेवर. आयटीआयच्या जोडीला जर्मनचा वर्ग लावणारा मुलगा मी अजून फारसा पाहिलेला नाही. जो लावेल त्याच्या मागे रांग लहान असेल.

डिग्री कुणी करावी? ज्याला अभ्यासाची खरी गोडी आहे आणि सीईटीतून वर नावं घेतलेल्यांसारखं कॉलेज मिळू शकतं त्याने, बेलाशक. मुलींसाठी गणित आणखी बदललंय. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्यात माफ आहे, प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) घेतला तर. फीचे ते चार लाख हिशेबातून गेले की पस्तिशीपर्यंत थांबायचं कारण उरत नाही. त्याच मुलीला ‘हिचं काय, डिप्लोमा बास’ म्हणणाऱ्या घरांनी पाटी-पेन्सिल घेऊन बसावं. मॅनेजमेंट कोट्यातून, कर्ज काढून, कुठल्यातरी शाखेला कुठल्यातरी कॉलेजात, हा मात्र सगळ्यात महागडा सौदा आहे. त्यापेक्षा बी.कॉम.ला जाऊन बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षा दिलेल्या बऱ्या. तिथे पदवी लागते, कुठल्या कॉलेजची ते कुणी विचारत नाही. नुसतं बी.ए. किंवा बी.कॉम. करून ‘पुढचं पुढे बघू’ म्हणणाऱ्यांबद्दल जास्त लिहीत नाही. ती मुलं तीन वर्षांनी बारावीवाल्यांच्याच बाकावर येऊन बसतात.

आणि आत्ता निकालानंतरच्या घाईत एक काम : तिन्हीकडचे अर्ज भरून ठेवा. आयटीआय, पॉलिटेक्निक आणि अकरावी, तिन्ही प्रवेश ऑनलाइन आहेत, वेगवेगळ्या संकेतस्थळांवर, आणि त्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात. पॉलिटेक्निकची पहिली यादी लागेपर्यंत आयटीआयची जागा सोडू नका. मूळ दाखला एकीकडे जमा करण्याआधी प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख आणि फी परत मिळण्याचा नियम वाचून घ्या. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणी, हे कागद जूनच्या आधी काढा. एकदा याद्या लागायला सुरुवात झाली की सेतू केंद्रातला सर्व्हर तालुक्यातल्या सगळ्यांसाठी एकदमच बंद पडतो.